पंचनाम्यात न आलेलं पपनस

ती केस आठवली की आजही आधी हसू येतं, आणि मग थकायला होतं.

मी नुकतीच फौजदार झाले होते. खांद्यावर दोन तारे आणि डोक्यात हवा. पलूसकडच्या एका गावातून एक बाई ठाण्यात आली. तिचे वडील निवृत्त सुभेदार, कॅन्सरने अंथरुणाला खिळलेले. दुखणं सोसवेना म्हणून डॉक्टरांनी छातीवर चिकटवायची पट्टी दिली होती. अफूच्या जातीचं जोरदार औषध, दर तीन दिवसांनी बदलायचं. आदल्या दिवशी म्हातारा उठवता उठेना, श्वास मंदावला. सांगलीच्या दवाखान्यात नेलं, पण शुद्ध नव्हती.

"भावजयीनं दोन-दोन पट्ट्या लावल्या," बाई म्हणाली. "कटाळली हाय ती. भाऊ माझा फौजेत, घरात बघणारं कोण?"

एकटी सून, कंटाळलेली, हाताशी औषध. माझ्या लेखी केस ठाण्यातच सुटली होती. जीप काढली ती फक्त सही-शिक्क्यापुरती.

सुनेने पट्ट्यांचं पाकीट पुढ्यात ठेवलं. वापरलेल्या पट्ट्याही दुमडून डब्यात ठेवलेल्या, कारण दवाखान्यात त्या परत द्याव्या लागत. तीनदा मोजल्या. एकही कमी भरेना. अंगावरही एकच पट्टी होती, असं नर्सने कळवलं होतं. घरात ताटलीत सोललेलं पपनस होतं. ऊन लागलेलं, घसा कोरडा. पंचांशी बोलता बोलता मी दोन फोडी खाल्ल्या. पुरावा खाल्लेली त्या ठाण्यातली पहिली फौजदार मीच असेन.

मोजदाद जुळली तरी माझा हेका जुळेना. सुनेला ठाण्यात बसवलं. पट्टी कधी लावली, दुधातून काय दिलंस, कुणी शिकवलं. चार तास तेच. शेवटी ती म्हणाली, "कटाळले व्हय, बाई. माणूस हाय मी. पण मामंजींना मारीन कशाला?"

मी कबुलीजबाब मिळाल्यासारखा कागद ओढला. आमचे जुने हवालदार दारातून म्हणाले, "म्याडम, कटाळ्याला कलम न्हाई. म्हाताऱ्याच्या पोटात काय गेलं, ते तरी इचारा की."

नाक मुरडून विचारलं.

"मामंजी खात्यात कुठं? तोंड कोरडं पडतंय, जेवणाचा वास सोसत न्हाई. वन्सं त्यांच्या बांधावरची पपनसं आणत्यात, तेवढीच ग्वाड लागत्यात. आठ-धा दिस झालं, रोज एक."

"आधी का नाही बोललीस?"

"तुमी पट्टीचं आन दुधाचंच इचारत हुता."

डॉक्टरांना फोन लावला. पपनसाचं विचारलं. त्यांनी सांगितलं, की हे औषध शरीर स्वतःच मोडून बाहेर टाकतं. पपनसाच्या जातीची काही फळं त्या कामात आडवी येतात. पट्टी तीच, पण औषध रक्तात साठत जातं. अंगात ताकद नसलेल्या माणसाला ते जड जातं. "त्यानेच झालं, असं शपथेवर सांगणार नाही," ते म्हणाले, "पण फळ बंद करा. आणि हे आम्ही घरच्यांना आधीच सांगायला हवं होतं."

दोन दिवसांनी म्हातारा शुद्धीवर आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी लेकीला सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकली.

"म्हंजे मीच की वो."

सून चहाचा थर्मास घेऊन उभी होती. जिच्यावर खुनाच्या प्रयत्नाचा आळ घेतला, तीच पुढे झाली. "फळ तुमी आणलं, वन्सं. सोलून तर मीच घातलं. बसा खाली, च्या घ्या."

लेकीने तक्रार मागे घेतली. मी कागद पुरे केले.

पुढे नोकरीभर संशयिताला मी पहिला प्रश्न साधा विचारायचे: दिवस कसा गेला, काय खाल्लं, काय प्यायलं. माणसं खोटं बोलतात ते नेमक्या प्रश्नांना. साध्याला बहुधा खरं सांगतात. एवढं शिकायला मला एका निरपराध पोरीचे चार तास लागले. तिची माफी मात्र मागितली नाही. खात्यात तसा नमुना नाही, असं तेव्हा मी स्वतःला समजावलं. आता वाटतं, त्याला नमुना कशाला लागतो? ती चहा ओतत होती, मी समोर उभी होते. बोलायचं तेवढं राहिलं.