पुराच्या रेषेवरचा आरसा

दत्तारामला कुणीही सल्ला द्यावा आणि त्यानं तो मनापासून घ्यावा, अशी त्याची घडण. सल्ले घेण्याबद्दल आपली काही तक्रार नाही. पण हा गृहस्थ आधीचा सल्ला न सोडताच नवीन घेतो, त्यामुळे डोक्यात कायम जत्रा भरलेली. एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत पॅकिंगला होता तेव्हा बरं होतं. तिथं साहेब एकच, तो सांगेल ते करायचं. निवृत्त होऊन घरी बसला आणि अख्खं महाड त्याचं साहेब झालं.

त्याची बायको मंजुळा अंगणवाडी सेविका. तिला सल्ला लागत नसे आणि कुणी दिलाच तर ती तो उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवी. पण गेल्या हिवाळ्यात साखरेच्या आजारानं तिच्या पायाची जखम चिघळली आणि डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. पुढं नकली पाय बसवला. तो बसला चांगला, पण चालताना ती डावीकडे झुकायची आणि आपण झुकतोय हे तिला कळायचंच नाही. सरळ चालतेय असं समजून पाऊल टाकायची आणि तोल जायचा. मग दत्ताराम होताच, मांजरासारखा मागंमागं.

उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंत कामावर आला नाहीत तर दुसरी बाई नेमावी लागेल, असा वरून निरोप आला होता. मंजुळानं त्यावर एकच सांगितलं. "मी जाईन तर माझी मी जाईन. कुणाच्या खांद्यावर हात टाकून पोरांपुढं जायाची नाय."

व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी मग उपाय काढला. "घरात मोठा आरसा लावा. डोक्यापासून पावलांपर्यंत स्वतःला बघत चालायचं. चूक डोळ्यांना दिसली की शरीर हळूहळू सुधारतं."

दत्ताराम त्याच दुपारी बाजारात गेला. तयार आरसे होते, पण ते कमरेपर्यंत दाखवणारे. कमरेच्या वरची मंजुळा ठणठणीत होती. बघायचं होतं ते खाली. म्हणून आरसा घरीच करायचा असं ठरलं आणि घराचा कारखाना झाला.

काच आली टेम्पोतून, दोन गाद्यांच्या मधे निजून. सहा फूट लांब, तीन फूट रुंद. तिच्या मागं लावायला प्लायवूड आलं. चौकटीला सागाच्या पट्ट्या पोलादपुराहून आल्या. तिथं शाळेत शिकवणारी त्यांची मुलगी प्रियदर्शिनी जुन्या पलंगाच्या पट्ट्या एसटीच्या टपावर टाकून घेऊन आली. काचवाला म्हणाला होता, काच चिकटवू नका, क्लिपा लावा. शेजारच्या सुहासनं मोबाईलवर बघून सांगितलं, क्लिपा नको, चिकटवाच. प्रियदर्शिनी म्हणाली, "बाबा, दोन्ही करा." दत्तारामनं दोन्ही केलं. पट्ट्यांचे कोपरे जुळेनात. एक जुळवला की समोरचा तोंड वासायचा. सागाचा भुसा चहात पडला, तोही त्याने पिऊन टाकला. पण चौथ्या खटपटीला चौकट बसली आणि खरं सांगायचं तर ती देखणी झाली होती. त्याने तिच्यावरून दोनदा हात फिरवला, कुणी बघत नाही असं पाहून.

आता भिंत. लांब भिंत एकच, आणि तिच्यावर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी. सुहासनं आणि त्यानं त्या हात जोडून उतरवल्या आणि दाराच्या वर नीट लावल्या. मग दत्तारामनं पेन्सिल कानामागून काढली, भिंतीवर माप घेतलं आणि तिथंच अडकला. कितीही मोजलं तरी आरसा उभा बसेना. वर छप्पर आडवं येत होतं.

"वर जागाच नाय रे," तो म्हणाला.

सुहास हा नगरपालिकेतला कारकून, मोठा विचार करणारा. त्यानं भिंत बघितली, आरसा बघितला. "मग आडवा लाव की. काच तेवढीच ऱ्हाते."

दत्तारामला ते एकदम पटलं. दोघांनी मिळून ड्रिल चालवली. भिंत जांभ्या चिऱ्याची. मशीन कधी लोण्यात गेल्यासारखं आत घुसायचं, कधी खड्यावर अडून किंचाळायचं. घरभर तांबडी धूळ. शेवटी स्क्रू धरायला भोकांत प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या, ते पिळले, आणि आरसा भिंतीवर चढला. आळीतली माणसं बघायला आली. प्रत्येकानं मान वर करून पाहिलं आणि प्रत्येकानं एकच विचारलं. "पाण्याच्या वर हाय ना? मग झालं."

महाडात खालच्या आळीत हे असंच चालतं. मोठा पूर आला त्या वर्षी सावित्री नदीचं पाणी घराघरात शिरलं, दत्तारामच्या गळ्याला लागलं, आणि ओसरलं ते भिंतीवर आपली खूण ठेवून. वर कितीही रंग लावा, पावसाळ्यात ती रेषा ओल धरून पुन्हा उमटते. तेव्हापासून आळीतल्या कुठल्याही घरात त्या रेषेखाली कुणी खिळा मारलेला नाही. विजेची बटणं वर, टीव्ही वर, कागदपत्रं माळ्यावर. लहान पोरांना दिवा लावायला स्टुलावर चढावं लागतं. यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. वाटेनासंच झालंय.

मंजुळा आतल्या खोलीतून आली. दाराला धरून उभी राहिली, मान वर केली. बराच वेळ बघत राहिली.

"कसा झालाय?" दत्तारामनं विचारलं.

"छान झालाय," ती म्हणाली. "मला पंखा दिसतोय."

"आं?"

"पंखा. माळ्यावरची ट्रंक. आणि ते कोळ्याचं जाळं, ते काढा एकदा. मी काय दिसत नाय."

सुहासनं आरशाकडे बघितलं, मग मंजुळाच्या पायांकडे, मग "जय भीम, येतो मी" म्हणून चपला घातल्या. दत्ताराम मात्र जागेवरच. त्याच्या डोक्यात सगळं फिरत होतं. माप बरोबर, काच बरोबर, चौकट बरोबर, भिंत तीच. मग चुकलं कुठं? मॅडम म्हणाल्या होत्या डोक्यापासून पावलांपर्यंत. तेही त्याला पाठ होतं. इतकं सगळं पाठ असताना बायकोचे पाय त्यानं कुठं ठेवले होते?

"उतरवा तो," मंजुळा म्हणाली. "उभा करा. तळ फरशीला टेकू दे."

"फरशीला?" तो दचकलाच. "अगो, पाणी आलं तर? प्लायवूड फुगंल. काच गेली तर पुन्हा..."

"पाणी येईल तवा येईल. मला आज चालायचंय."

त्याला भीती वाटत होती, हे साधं आहे. त्या वर्षी शेजारच्या गच्चीवरून त्यानं आपल्या घरात काय काय तरंगतंय ते पाहिलं होतं. मंजुळाचं शिलाई मशीन, लेकीच्या लहानपणचे फोटो. रेषेखाली ठेवलेली वस्तू आपली राहत नाही, हे तेव्हा जे त्याच्या मनात बसलं ते बसलंच. पण मंजुळा दाराला धरून उभी होती, आणि तिच्या हाताची बोटं पांढरी पडली होती. इतका वेळ तिला उभं राहायचा सराव नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली, सुहासला परत हाक मारली आणि स्क्रू सोडवायला घेतले.

खाली भोक पाडताना त्याचा हात दोनदा थांबला. तिसऱ्यांदा त्यानं डोळे मिटून मशीन दाबलं, जे ड्रिल चालवताना कुणीही करू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरसा उभा होता, पाय फरशीवर टेकून. मंजुळा खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली. पाय गेल्यापासून तिनं स्वतःला असं सबंध पाहिलंच नव्हतं. साडीचा काठ जरा वर धरून तिनं तो नवा पाय बघितला, जुना बघितला. डोळे भरून आले, ते तिनं पुसले नाहीत. मग चालायला लागली. मागं दत्ताराम, दोन्ही हात पुढं पसरून.

चार पावलांवर ती थांबली. "अवो, तुमच्या पायाला काय झालंय?"

"माझ्या? काय नाय."

"मग लंगडताय कशाला?"

त्यानं आरशात पाहिलं. दोघंही डावीकडे झुकलेली, एकाच सुतानं आखल्यासारखी. इतके महिने तिच्या पावलाबरोबर पाऊल टाकता टाकता त्याची चाल कधी वाकडी झाली, त्यालाच पत्ता नव्हता. त्यानं उजवा पाय सरळ टाकायला बघितला तर आरशातल्यानं डावा उचलला. का तोही उजवाच? तो थांबला. पुन्हा टाकला. खांदा वर जातोय का खाली? त्यानं लुंगी गुडघ्यापर्यंत वर केली आणि आपलीच दोन पावलं, आयुष्यात प्रथमच बघतोय अशी, बघत राहिला. काही केल्या उलगडा होईना.

मान वर केली तेव्हा पुढं हाताशी कुणी नव्हतं. त्याचे हात लुंगीत अडकलेले, आणि मंजुळा पार खोलीच्या टोकाला, आरशाला एक तळवा टेकून उभी. तिला तिथवर कुणी नेलं नव्हतं.

वळली नाही ती. काचेतूनच त्याच्याकडे बघत म्हणाली, "येताय का? का मी येऊ न्यायला?"