माझ्या हातचा रस

रविवारी चर्चमधल्या मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेत, एक वेळ अशी येते, की बाकावर मी एकटी उरते. आख्खा बाक उठून फादरांच्या हातून ख्रिस्तप्रसादाची भाकर घ्यायला रांगेला लागतो आणि मी गुडघे आडवे करून सगळ्यांना वाट देते. नवरा जातो, सासूबाई जातात, कालपरवा दात पडलेली पोरंसुद्धा ऐटीत जातात. सगळे ओठ मिटून परत आले, की पुन्हा माझे गुडघे आडवे. साताऱ्यात लग्न होऊन आले तेव्हापासून हेच चाललं आहे. फादर भले आहेत. "छातीवर हात दुमडून रांगेत या, आशीर्वाद देतो," म्हणतात. एकदा गेले. पंगतीत बसवून पान न वाढता नुसतीच विचारपूस व्हावी तसं वाटलं. पुन्हा गेले नाही.

मी मूळची तासगावची, प्रॉटेस्टंट घरातली. नवरा कॅथलिक, आणि त्यांच्यात ख्रिस्तप्रसाद फक्त कॅथलिकांना. लग्न त्याच्या चर्चमध्ये लागलं म्हणून माझ्या मंडळीच्या, म्हणजे माहेरच्या चर्चच्या, कमिटीने बैठक घेऊन मला प्रभुभोजनातून, पाव आणि द्राक्षरसाच्या विधीतून, बंद केलं. परत यायचं तर सगळ्यांसमोर उभं राहून 'माझं चुकलं' म्हणायचं. काय चुकलं? लग्न? मग शेजारी बसलेला नवरा म्हणजे माझी चूक झाली! ते माझ्या तोंडून निघणार नाही. बरं, कॅथलिक व्हावं, तर आई एक शब्दही बोलली नसती, आणि तिचं ते न बोलणं मला सोसलं नसतं. इकडे आड, तिकडे विहीर.

आता खरी गंमत सांगते. आमच्या तासगावच्या मंडळीत प्रभुभोजनाला दुकानातली वाइन नसते. बेदाणे रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळायचे, हाताने कुस्करून धुतलेल्या पांढऱ्या फडक्यातून गाळायचे. साखर घालायची नाही. हे काम पहिल्यापासून आमच्या घराकडे. आईची बोटं आखडली, तसं ते माझ्याकडे आलं. महिन्यातून एकदा मी साताऱ्याहून एसटीने माहेरी जाते, रस करून देते, आणि रविवारी तोच रस छोट्या छोट्या पेल्यांतून माझ्यासमोरून पुढे जातो. माझ्या हातचा रस कमिटीला चालतो, मी चालत नाही. नवरा रविवारी गाडी घेऊन मला न्यायला येतो, पण कॅथलिक म्हणून त्यालाही तिथं पेला नाही, तेव्हा तो बाहेर झाडाखाली गाडीतच बसलेला असतो. मी विचारलं तर म्हणतो, "ऊन नाही, बरं वाटतं इथं." खोटं बोलायची त्याला अक्कल नाही.

जानेवारीत ख्रिस्ती ऐक्याचा सप्ताह असतो. सांगलीत दोन्हीकडचे लोक जमतात, एकच गीत गातात, त्यांचे फादर आणि आमचे पाळकसाहेब मिठी मारतात, फोटो निघतात. मग चहा आणि समोसे. समोसा सगळ्यांना चालतो. एका वर्षी एक भाषण करणारे गृहस्थ आम्हा दोघांकडे बोट दाखवून म्हणाले, "हे बघा, चालतंबोलतं ऐक्य!" टाळ्या पडल्या. मला त्यांना रविवारी सकाळी घरी बोलवावंसं वाटलं. दोघं दोन वाटांनी कसे उपाशी हिंडतो, ते दाखवलं असतं.

यंदा उन्हाळ्यात आईने अंथरूण धरलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते आम्ही समजलो. आईची एकच इच्छा होती. "एकदा तुझ्यासंगं प्रभूचं भोजन घ्यायचं हाय. मग मी सुटले."

पाळकसाहेब घरी आले. नवीन आहेत, तरुण, मनाचे मऊ. माझ्याच हातचा रस पेल्यात ओतला, प्रार्थना केली, पावाचा तुकडा मोडला आणि मला वगळून आईच्या तोंडाशी नेला. आईने ओठ घट्ट मिटले.

"आजी, तोंड उघडा."

"आधी तिला."

"तुम्हाला सगळं ठाऊक आहे, आजी. कमिटीनं माझे हात बांधलेत."

"आवं, बांधलेल्या हातांनी मोडला व्हय पाव?"

मी उठले. म्हटलं, "आई, तू घे. मी बाहेर बसते." तिने माझं मनगट धरलं. त्या वाळक्या बोटांत एवढा जोर कुठून आला कोण जाणे. मला सगळ्यांचा राग आला, कमिटीचा, फादरांचा, त्या बिचाऱ्या पाळकांचा, आणि सगळ्यांत जास्त आईचा. मी थांबले तरी ती घेणार नव्हती. मी गेले असते तरी घेणार नव्हती. तिने स्वतःलाही माझ्याबरोबर कोंडून घेतलं होतं.

पाळकसाहेबांचा हात तसाच अधांतरी. डोळे भरून आले होते त्यांचे. "मीही अडकलोय, आजी," म्हणाले, आणि तुकडा डबीत ठेवून झाकण लावलं. निघायला उठले.

"कुटं निघाला?" आई म्हणाली. "बसा. जावईबापूंना आत बोलव गं, ते बी तसलेच उपाशी. कुनालाच मिळायचं न्हाई ना? मग बसा समदी उपाशी. पर इथंच बसा, एका खोलीत."

नवरा चपला काढून आत आला. पाळकसाहेब त्याच्या शेजारी, खाटेच्या पायाशी, जमिनीवर बसले. कोणी गीत म्हटलं नाही, प्रार्थना केली नाही. दुपार कलली तरी कोणी उठलं नाही. आईला डोळा लागला, पण माझ्या मनगटावरची पकड सैल झाली नाही. त्याच आठवड्यात ती गेली, तोंडात तो तुकडा न घेता.