तारीख बदलायची होती

डोळ्यांच्या दवाखान्यात फोनवर मी बसते, बावीस वर्षं झाली. परवा नवीन पोरीनं विचारलं, "बिझनेस अनालिस्ट व्हायला काय काय यावं लागतं हो?" म्हटलं, बाई गं, मी आयुष्यात एकच पाहिलाय, तोही तीन आठवडे.

त्याचं नाव आम्ही 'उलटतपासणी' ठेवलं होतं. फोनवरची माणसं काढून मशीन बसवायचं, असं वरच्यांनी ठरवलेलं आणि ते कसं करायचं हे लिहायला हा आलेला. म्हणजे माझ्या पोटावर पाय! मी त्याला साधं पाणी विचारलं नाही. कोणीच नाही विचारलं. तो आला की गप्पा बंद, माना खाली. डबा जिन्यात बसून एकटाच खायचा आणि वर आम्हाला बघून हसायचा, मेला.

दिवसभर माझ्याशेजारी स्टूल टाकून माझे फोन ऐकायचा. काही विचारलं की उत्तर संपलं तरी गप्प बसून राहायचा. त्या गप्प बसण्यानंच माणूस खरं बोलून जातो, हे मला फार उशिरा कळलं.

"या आजोबांनी चौथ्यांदा तारीख बदलली. का?"

"कामधंदे नाहीत लोकांना!" मी फटकारलं.

तो बसला तसाच.

"बोलायला कोणी नाही त्यांना," शेवटी मीच म्हणाले. "तारीख आपली निमित्ताला."

माझ्या शब्दावर त्यानं विश्वास ठेवला नाही. वहीत 'फोनचं खरं कारण' असा रकाना आखला आणि आठवडाभर स्वतः ऐकून भरला. दहातले तीन फोन तसले निघाले. वरच्यांना त्यानं एवढंच सांगितलं, "हे तिघं बोलायला मिळतं म्हणून तपासणीला येतात. मशीन लावलंत तर येणार नाहीत." पेशंट गेले की पैसे गेले, ही भाषा वरच्यांना बरोब्बर कळली. सात फोन मशीनकडे गेले, तीन माझ्याकडे राहिले. खुर्ची वाचली. त्याचा तो रकाना मीही माझ्या वहीत आखून रोज भरायला लागले.

शेवटच्या दिवशी दारात उभा राहून "येतो" म्हणाला. एकानंही मान वर केली नाही. मीही नाही. जीभ रेटली नाही, लाज वाटते आता.

दोन महिन्यांनी मंगळवारी, दुपारी एकला फोन आला.

"तारीख बदलायची होती."

आवाज लगेच ओळखला, उलटतपासणीचा. बदलून दिली. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या वेळी तारीख दिली आणि मी गप्प बसून राहिले, त्याच्यासारखी.



"नवीन ऑफिसात लिफ्टच आहे," तो म्हणाला. "डबा खायला जिनासुद्धा नाही हो."

 एवढ्या शिकल्यासवरल्या माणसाचं दुखणं मला तीन आठवडे समोर दिसत होतं आणि मी त्याला पाणी विचारलं नव्हतं.

"उघडा डबा," मी म्हटलं. "मीही आत्ताच बसतेय जेवायला. फोन ठेवू नका."

वहीतल्या त्याच्याच रकान्यात त्या दिवशी मी पहिल्यांदा खोटं कारण लिहिलं: तारीख बदलली.