दादांचं स्वस्तातलं विमान

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत मी नोकरीला लागले, तेव्हा त्या कारखान्यात ऑफिसातलं माणूस म्हणजे मी एकटीच. गाड्यांना लागणारे रबरी वॉशर आम्ही बनवायचो. मालकांना सगळे दादा म्हणत. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. जमीन वसाहतीत गेली, त्या पैशांतून दादांनी शेड टाकलं. मेंढरं विकली, पण बाजारातला स्वभाव काही विकला गेला नाही. समोरच्याला आपली गरज कळू द्यायची नाही, हा त्यांचा पक्का नियम.

ती दुष्काळाची वर्षं होती. जालना रोडला नवी हॉटेलं, नव्या इमारती उठत होत्या आणि माझ्या हर्सूलच्या घरी नळाला आठवडा आठवडा पाणी नव्हतं. तलावाच्या तळात पोरं क्रिकेट खेळायची. कारखाना टँकरवर चालायचा. पेपरात पाण्याच्या बातम्या यायला लागल्या, तसं आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकानं, दिल्लीच्या एका कंपनीनं, दादांना भेटायला बोलावलं. पाण्यावाचून कारखाना बंद पडला तर माल कोण देणार, हे त्यांना विचारायचं होतं.

दादा विमानात कधी बसले नव्हते. मी कॉम्प्युटरवर तिकिटाचा भाव दाखवला, तर ते खुर्चीतून उठलेच.

"बंद करा ताई. चहा पिऊ. आपन उठून चाललो म्हनल्यावर मागून हाक मारतंय."

चहा पिऊन परत उघडलं, तर भाव चढलेला.

"बघितलं? त्याला कळलं आपल्याला नड हाय!"

मग कुणीतरी त्यांना सांगितलं की कॉम्प्युटरचा इतिहास पुसला की भाव उतरतो. मी पुसला. उतरला नाही. दादांनी स्वतः येऊन विचारलं, "नीट पुसला का? मागचा सगळा?" मग ऐकीव बातमी आली, मंगळवारी दुपारी तिकिटं स्वस्त असतात. आम्ही मंगळवारची वाट बघत बसलो.

मंगळवारी दुपारी नेमका टँकर आला. टँकर पूर्ण भरलेला नव्हता, म्हणून त्या ड्रायव्हरशी भांडायला मी बाहेर गेले. परत येते तो दादा माझ्या खुर्चीत मांडी घालून बसलेले.

"घेतलं! जाऊन-येऊन. निम्म्यात!"

"तुम्ही? एकट्यानं?"

"आठ दिवस तुमच्या मागं उभं राहून बघतोय की. आकडे टाकायचे अन् दाबत जायचं. शेवटी नमलंच ते."

"बघू तरी."

"नाय. स्वस्तातली वस्तू दाखवत फिरू नये, नजर लागती." त्यांनी छापलेला कागद घडी घालून खिशात टाकला आणि वर हात ठेवला.

जायच्या दिवशी चिकलठाण्याच्या विमानतळावर त्यांना सोडायला दोन जीप भरून गाव गेलं. हार, नारळ, फोटो. मी ऑफिसात होते. तेवढ्यात दादांचा फोन आला, आवाज अगदी खोल गेलेला.

"ताई, स्कूटी घेऊन या. पार्किंगच्या मागल्या अंगाला. कुणाला बोलू नका."

मी पोचले, तर दादा एका टेम्पोच्या आडोशाला, गळ्यात झेंडूचा हार, हातात बॅग. झालं होतं असं, की दारावरच्या जवानानं कागद बघून म्हटलं होतं, "अंकल, तारीख सही है, महीना अगला है।"

"म्हनून स्वस्त हुतं व्हय," दादा म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. हरल्याचं.

"मग गावाकडच्यांना सांगा ना."

"काय सांगू? तिकडं बघा."

कुंपणापाशी अख्खं गाव वर बघत उभं होतं. वहिनी, म्हणजे दादांची बायको, पदराची सावली करून सगळ्यांत पुढं. तेवढ्यात दिल्लीचं विमान उडालं आणि सगळ्यांनी एकदम हात हलवले. मी माझा स्कार्फ दादांच्या डोक्याला आणि तोंडाला बांधला आणि त्यांना मागं बसवलं. गेटातून निघताना वहिनी आमच्याकडं बघून मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही बी आलता? अन् ह्या कोन?"

"मावशी आहे. बोलत नाही."

दादांनी मान डोलावली.

मग परतीचा दिवस येईपर्यंत दादा कारखान्यात राहिले. रबराच्या गोण्यांवर झोपायचे, माझ्या डब्यातलं जेवायचे, आणि बाहेर कुणाची गाडी वाजली की मशीनमागं जायचे. कामगारांना शपथ घातली होती, पण दादा दिसले की ते छताकडं बघून हात हलवायचे.

दिल्लीच्या साहेबांना फोन तर करायलाच हवा होता. मी हळूच म्हटलं, "आजारी आहे म्हणा."

"खोटं कशाला? तसंही लई झालंय." आणि दादांनी फोनवर सरळ सांगितलं, "साब, टिकट में घोटाला हो गया मेरा. पर पानी का सवाल है तो पानी इधर है ना. दिल्ली में बैठ के मैं क्या दिखाऊँ? आपिच आओ."

साहेब हसले, आणि पुढच्या आठवड्यात खरंच आले. आमची टाकी बघितली, मशीन गार करायचं तेच पाणी आम्ही कसं फिरवून फिरवून वापरतो ते बघितलं, हुरडा खाल्ला. ऑर्डर टिकली.

तोवर दादा गावात 'दिल्लीहून' परतलेही होते. दिल्लीचा म्हणून आपल्याच बाजारातल्या, गुलमंडीतल्या दुकानातून सोहन हलवा घेतला होता, खोक्यावरचं दुकानाचं नाव मी खरवडून काढलं. पारावर बसून विमानाचं वर्णन असं चाललं होतं, की मलाच वाटलं हे जाऊन आले.

पण पुढच्या महिन्याचं ते तिकीट उरलंच होतं. पैसे परत मिळत नव्हते आणि ते वाया जाऊ देणं दादांच्यानं होणार नव्हतं. "पुन्हा काम निघालंय," म्हणाले. या वेळी वहिनी अडून बसल्या: मी पण येणार. त्यांचं तिकीट मी काढलं. ऐन वेळेचं, चढ्या भावाचं. दोन्ही मिळून हिशेब केला असता तर वाचवलेलं सगळं गेलंच होतं; दादांनी करू दिला नाही.

दिल्लीत उतरल्यावर वहिनींचा मला फोन.

"ताई, खरं सांगा. ह्ये मागं विमानात बसले हुते का नाय?"

"का हो?"

"पट्टा बांधता येईना ह्यांना. गाठ मारली! त्या पोरीनं येऊन सोडवली. अन् विमान उठलं तसं माझा हात असा धरला, बांगडी फुटली."

मी सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "म्हंजी ती मुकी मावशी..."

"व्हय."

वहिनी एवढ्या हसल्या की फोनच बंद पडला.

गावात त्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही. पण पारावर दादांच्या पहिल्या विमानाची गोष्ट रंगात आली की त्या घरातून ओरडायच्या, "पट्ट्याचं सांगा की!" आणि दादांना एकदम कुठंतरी जायचं आठवायचं.