उलटा बांधलेला फ्लेक्स

परवा वसईच्या नाक्यावर नवा फ्लेक्स उलगडत होते. शाईचा तो उग्र वास नाकात गेला आणि मी थेट काही वर्षांपूर्वीच्या आमच्या बंदरावर जाऊन उभी राहिले.

दादा दुसऱ्याच्या बोटीवर मासेमारीला गेला, तो परत आलाच नाही. पावसाळ्यासाठी आमची होडी वर ओढलेली, पण ताडपत्री पार फाटलेली. बा गावच्या नाक्यावर गेला आणि दादाच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्सच सोडवून घेऊन आला. तो होडीवर पसरू लागला तशी मी किंचाळले, "बा, दादाच्या तोंडावर पाऊस पाडणार तू?"

"म्हनून तर तोंड आत करतोय. पानी पाठीवरून जाईल."

एकेक दोरी त्याने जीव खाऊन आवळली. मी एकीलाही हात लावला नाही, ते आजही सलतं.

मग रोज दुपारी बा त्या फ्लेक्सखाली शिरायचा आणि तासभर बाहेरच यायचा नाही. आईने विचारलं तर म्हणायचा, "गळतंय का बघतो."

एकदा मी चिडून कड उचलली. आत कुठेच ओल नव्हती. बा फळ्यांवर उताणा पडला होता आणि वरून दादा त्याच्याकडे बघत होता.