बैलाचं नाव, मुलीचं नाव

मुलाचं नाव ठेवताना आम्ही दोघांनी जेवढा विचार केला, तेवढा अमेरिकेला येतानाही केला नव्हता. ॲन आर्बरला मी विद्यापीठाच्या लॅबमध्ये होतो आणि बायको हॉस्पिटलात रेसिडेन्सी करत होती. ओळखीतल्या एका मराठी जोडप्याने हौसेने मुलाचं नाव अमेय ठेवलं आणि डे-केअरमध्ये त्याची पहिल्याच आठवड्यात एमी झाली. दुसऱ्याचं तोंड पोळलेलं पाहून आम्ही ताक फुंकायला बसलो. किरण नको, त्याची कॅरन होते. निखिल नको, त्याची निकोल होते. बायको एकेक नाव वॉर्डातल्या नर्सेसना म्हणायला लावायची आणि विचारायची, मुलगा वाटतो की मुलगी? ज्या नावाला सगळ्याजणी 'बॉय' म्हणाल्या ते आम्ही ठेवलं. ते इथे लिहीत नाही. ते आता त्याच्या ऑफिसच्या दारावर आहे, त्याचं आहे.

बारशाला बाहेर गुडघाभर बर्फ होता. आत्या नागपूरला, म्हणून शेजारगावच्या एका काकूंनी बाळाच्या कानात कुर्र केलं आणि पाठीत धपाटेही त्यांनीच खाल्ले. एवढा सगळा खटाटोप करून दुसऱ्या दिवसापासून मी त्याला सोन्या म्हणायला लागलो.

मी हे काही ठरवून केलं नाही. आमच्या घरी मुलगा म्हणजे सोन्याच. माझी आई मला म्हणायची, माझ्या भावाला म्हणायची, आणि मामाच्या शेतावर एक बैल होता त्यालाही म्हणायची. तिघांपैकी हाकेसरशी फक्त बैल यायचा. मराठीतला हा 'या' मोठा दांडगट आहे. बंड्या, पिंट्या, बाळ्या, कशाच्याही शेवटी तो लागला की तान्ह्या पोरालाही मिशी फुटते. अमेरिकेत त्याच 'या'ला फ्रॉक घालतात. नर्सेसची परीक्षा घेणाऱ्या आम्हा दोन शहाण्यांच्या हे डोक्यातच आलं नाही, कारण सोन्या हे आमच्या लेखी नावच नव्हतं.

तो किंडरगार्टनमध्ये जायला लागला तेव्हा त्याला आणायला मी जायचो. बायकोच्या ड्युट्यांचा भरवसा नसे. थंडीत सगळी पोरं स्नोसूटमध्ये कोंबलेली असत, नाकाशिवाय काही दिसत नसे, त्यातून आपलं कोणतं ते बापालाही कळू नये. एके दुपारी मी फाटकापाशी उभा राहून नेहमीसारखी हाक मारली, "सोन्याऽ!" जांभळ्या स्नोसूटमधलं एक पोर धावत आलं, माझ्यापुढे थांबलं आणि मान वर करून बघायला लागलं. निळे डोळे. हे आपलं नव्हे, एवढं मलाही कळलं. पाठोपाठ तिची आई आली.

"सोऽन्या, हनी, डू यू नो दिस मॅन?"

तिचा 'सो' लांबलचक होता, माझा आखूड. ती 'न' आणि 'या' वेगवेगळे करून म्हणत होती, मी एकाच फटक्यात. पण कानटोपीच्या आत हा फरक कुठला पोचणार! मी घाईघाईने सांगितलं, की मी माझ्या मुलाला बोलावत होतो. "युअर सन?" ती म्हणाली, आणि मग फार प्रेमळपणे, "सोऽन्या? हाऊ स्वीट." तोवर माझा मुलगा तिच्या मागे येऊन उभा राहिला होता आणि त्याच्या मागे त्याचा अर्धा वर्ग. एकाने हाक मारून बघितली. मग सगळ्यांनी मारून बघितली.

बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला. दोन थांबे गेल्यावर म्हणाला, "बाबा, डोन्ट कॉल मी दॅट."

"का रे?"

"इट्स अ गर्ल्स नेम."

"इथे असेल. आपल्याकडे नाही. आपल्याकडे तर बैलाचंसुद्धा असतं."

त्याने यावर थोडा विचार केला. "दॅट्स वर्स," तो म्हणाला.

वाद घालण्यासारखं काही नव्हतं. त्या दिवसापासून मी त्याला त्याच्या खऱ्या, नर्सेसनी पास केलेल्या नावाने हाक मारायला लागलो आणि तो 'येस' म्हणायला लागला. मीटिंगमध्ये सहकाऱ्याला बोलावल्यासारखं वाटायचं. मला ते जड गेलं. एवढ्याशा गोष्टीचं जड जावं याचा रागही यायचा, पण जड गेलं. महिन्याकाठी नागपूरला फोन लागला की आई पलीकडून ओरडायची, "सोन्या काय करून राहिला?" आणि मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन हळू आवाजात म्हणायचो, "सोन्या बरा आहे." पुढची दोनेक वर्षं तो शब्द मी एवढाच वापरला.

पुढे मला अर्विंगला नोकरी लागली. आम्ही टेक्सासला आलो आणि तिथे मुलगी झाली. आता ताक फुंकण्याचा उत्साह दोघांतही उरला नव्हता. हॉस्पिटलवाले नाव विचारून थकले, तशीच बिननावाची मुलगी आम्ही घरी आणली. शेजारच्या म्हाताऱ्या बाई कॅसरोल घेऊन आल्या. बाळाकडे बघत त्या म्हणाल्या, त्यांच्या एका मैत्रिणीचं फार गोड नाव होतं, सोऽऽन-यऽ. टेक्सासमध्ये ते एवढं लांबतं, की म्हणून होईपर्यंत पोर मोठं व्हावं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बायको म्हणाली, "आयडिया वाईट नाहीये रे. स्पेलिंगचा प्रॉब्लेम नाही, कुणी बिघडवणार नाही. आणि आपलं पण आहेच की, सोनं."

"मुलीला सोन्या? आई म्हणेल, गोठ्यात ठेवता का तिला."

"आईंना सोनू सांगू. इथे सोन्या. तसंही तू ते कुणाला म्हणतोस आता? नुसतं पडून तर आहे."

हे खरं होतं. तिने ते सहज म्हटलं, वॉर्डातली रिकामी खाट कुणाला तरी देऊन टाकावी तसं. चांगलं नाव होतं, वापरात नव्हतं, आणि ज्याचं होतं त्याने स्वतःच नाकारलं होतं. "बघ, तुला पटत असेल तर," असं मी म्हणालोही.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मुलगा सीरियल खात होता. मराठी बोलणं चालू असलं की त्याचं लक्ष नसतं, असा आमचा समज होता. त्याने चमचा खाली ठेवला.

"नो," तो म्हणाला. "यू कान्ट गिव्ह हर दॅट."

"व्हाय नॉट?" बायकोने विचारलं. "इट्स अ गर्ल्स नेम. तूच म्हणाला होतास ना?"

त्याचे कान लाल झाले. तो माझ्याकडे बघत नव्हता, वाटीत बघत होता. "इट्स माइन," तो म्हणाला. "बाबा जस्ट डझन्ट यूज इट."

मी त्याच्या वाटीत आणखी थोडं दूध ओतलं. त्याहून जास्त काही केलेलं सात वर्षांच्या पोराला आवडलं नसतं. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि उठून बाळाकडे गेली.

थोड्या वेळाने शाळेला निघताना तो दप्तर पाठीला लावून दारात उभा राहिला.

"ओन्ली ॲट होम," त्याने बजावलं. मग आणखी थोडा विचार करून म्हणाला, "कारमध्ये पण चालेल."

आम्ही कारमध्ये बसलो. काचा वर होत्या तरी मी एकदा इकडेतिकडे बघून घेतलं.

"सोन्या," मी म्हणालो, "बेल्ट लाव."

"ओ," तो म्हणाला, आणि त्याने बेल्ट लावला.