तालमीच्या दिवशी दुखणारं पोट

समस्त मराठी बांधवांना कळवण्यास अत्यंत खेद होतो की, माझ्या पोटात काहीही सापडलं नाही.

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, एन्डोस्कोपीही झाली. म्हणजे कॅमेऱ्याची नळी तोंडातून पोटात उतरवतात. डॉक्टर म्हणाले, "फंक्शनल डिस्पेप्सिया." म्हणजे पोट दिसायला धडधाकट, वागायला बिघडलेलं. गोळ्या लिहून त्यांनी मला वरच्या मजल्यावर काउन्सेलरकडे पाठवलं.

"मी काय पागल आहे?" मी जिन्यातच बायकोला विचारलं.

"नळी गिळली न? मग दोन गोष्टी बोलायला काहून भेता?"

काउन्सेलर मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. "दर्द कब होता है, अंकलजी?"

"कभी भी," मी म्हणालो.

"मंगलवार और शुक्रवार," बायको म्हणाली. "नाटक की रिहर्सल के बाद."

इकडे हिंदी मुलखात, खमरियाच्या फॅक्टरी-क्वार्टरांतल्या आमच्या गणपतीत दरवर्षी मराठी नाटक होतं आणि नायक मी असतो. असायचो. यंदा नागपूरहून बदलून आलेल्या वानखेडेला ती भूमिका मिळाली. आवाज खणखणीत, केस स्वतःचे. मला प्रॉम्प्टर केलं. त्यानं बोलायची वाक्यं मी विंगेत लपून पुरवायची. तालीम संपली की मी त्याच्या पाठीवर थाप मारून "वा, वानखेडे" म्हणायचो आणि घरी येऊन पोट धरून पडायचो. दोष समोशांना द्यायचो.

हे सगळं ऐकून मॅडम हसल्या नाहीत. "जलन होना बीमारी नहीं है. लेकिन आप उसे हँस-हँसकर दबाते हो, तो पूरा शरीर तना रहता है. पेट भी."

त्यांनी सावकाश श्वास घ्यायला शिकवलं. शिवाय तालमीहून आल्यावर बायकोला सगळं खरं सांगायचं, आणि वानखेडेची एक तरी चांगली गोष्ट. पहिल्यांदा मला फक्त त्याची चप्पल सुचली.

"चालते," बायको पोळी लाटत म्हणाली. "चपलेपासून सुरू करा."

गोळ्या चालू होत्या, मॅडमकडे जाणंही. हळूहळू शुक्रवारी जेवण जाऊ लागलं. तुमचेही रिपोर्ट स्वच्छ आले आणि डॉक्टरांनी असं वर पाठवलं, तर अपमान मानू नका. जिना चढा. मत्सर माझा अजून आहे, फक्त आता तो पोटात मुक्काम करत नाही.

प्रयोगाच्या दिवशी पडद्यामागून माईकवर करायच्या घोषणाही माझ्याकडेच होत्या. नाटकातल्या मुलीला निरोप देताना वानखेडे मध्येच थांबला. विसरला, म्हणून मी मनात पेढे वाटले. वाक्य पुरवायला पुढे सरसावलो, तर पहिल्या रांगेतल्या बायका डोळ्यांना पदर लावून बसलेल्या. तो विसरला नव्हता. अशा जागी मी इतकी वर्षं नुसता ओरडत आलो होतो.

हातातला माईक चालूच आहे, हे मला सगळा मांडव विंगेकडे वळल्यावर कळलं. तोवर मी बोलून गेलो होतो:

"वानखेड्या, मस्त करून राहिला बे. मला नसतं जमलं."